भिंतीचा जमाखर्च



दसरा जवळ आला की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा सुरू होते. यंदा रंग द्यायचा का, आणि द्यायचा तर कोणता? सून मोबाईलवर छटा दाखवते, मुलगा खर्चाचा आकडा सांगतो, रंगारी म्हणतो, "काकू, दोन हात मारले की घर नवं." या सगळ्यात आमच्या घरी एक प्रश्न विचारणारं माणूस होतं, ते आता नाही. त्या माझ्या आजेसासूबाई. सगळे त्यांना बाई म्हणायचे. रंगाचा विषय निघाला की छटा कोणती हे त्या कधी विचारत नसत. त्या विचारायच्या, "त्यात घातलंय काय?"

माझं माहेर धुळ्याचं, गल्ली नंबर चारमधलं. बी.कॉम. झाले आणि १९८१ साली लग्न होऊन जळगावला नवी पेठेत आले. सासरचं घर जुनं, खाली दुकान, वर राहणं. कॉमर्स शिकल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत जमा आणि नावे दिसतं. बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, पण त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता, हे कळायला मला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आजचा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

आमच्या नव्या पेठेतल्या घराला तेव्हा चुनाच लागायचा. सगळ्या शेजारपाजारात दिवाळीआधी पांढरं व्हायचं, आमच्याकडे मात्र कार्तिकी पौर्णिमेनंतर. चातुर्मासात भिंती ओल्या, फटीफटीत मुंग्या-किडे, त्यात उकळता चुना फासायचा नाही, हा बाईंचा नियम. त्यामुळे सगळ्यांची दिवाळी पांढरीशुभ्र आणि आमची मळकी. नवी सून म्हणून मला त्याची फार लाज वाटायची. कळीचा चुना पिंपात टाकून वर गाळलेलं पाणी ओतलं की तो खदखदायचा. तो थंड होईपर्यंत पिंपावर फडकं बांधलेलं असायचं, माशी पडू नये म्हणून. मग त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा बाभळीचा डिंक. बस, एवढंच. घरातल्या कुठल्याही बाईला तोंडपाठ यावी अशी ती कृती.

चुन्याची गंमत अशी, की त्याला चिकटायला खरं तर दुसऱ्या कशाची गरज नसते. भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पाण्यात विरवून भिंतीला लावलेला चुना हवेतून तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. म्हणजे भिंतीवर आपण दगडाचा पातळ पापुद्राच चढवत असतो. बाकीच्या रंगांचं तसं नाही. रंगाची पूड नुसती पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर हाताला लागते. तिला भिंतीशी धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतंच. रंगकामाचा सगळा इतिहास म्हणजे या चिकट वस्तूचा इतिहास आहे, असं मला आता वाटतं.

आणि तो इतिहास आपल्या अगदी दाराशी आहे. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटर. लेण्यांच्या पायथ्याशी जी वाघूर नदी वळसा घालते, तिच्याच धरणाचं पाणी आज जळगावच्या नळांना येतं. मुलांना घेऊन, पाहुण्यांना घेऊन मी कितीदा तिथे गेले असेन. पण चित्रांच्या ऐवजी चित्रांखालची भिंत मी पहिल्यांदा नीट पाहिली ती साठीत आल्यावर.

जिथे चित्र गळून पडलंय तिथे थर दिसतात. आधी कातळ मुद्दाम खडबडीत ठेवलेला, म्हणजे गिलावा पकड घेईल. त्यावर मातीचा जाड थर, त्यात खडीचा चुरा, भुसा, गवताचे तंतू. त्यावर बारीक मातीचा थर. त्यावर पांढरा पातळ हात, आजच्या भाषेत प्रायमर, आपले रंगारी ज्याला अस्तर म्हणतात ते. त्यानंतर गेरूने रेषा आणि मग रंग. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यातली गाजलेली चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. रंग बहुतेक मातीचे आणि दगडाचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. फक्त निळा लाजवर्दी दगड दूर अफगाणिस्तानातून आलेला. हे सगळं वाळलेल्या भिंतीवर रंगवलेलं आहे, ओल्या चुन्यावर नाही. त्यामुळे रंग धरून ठेवायला सरसासारखा चिकट पदार्थ वापरावा लागला.

सरस म्हणजे काय, हे तुमच्यापैकी जुन्या मैत्रिणींना सांगायला नको. हाडं आणि कातडी उकळून काढलेला गोंद. सुताराकडे विस्तवावर त्याचं भांडं असायचं आणि त्याचा वास गल्लीभर पसरायचा.

सहाव्या शतकात वराहमिहिरांनी बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. मंदिरं आणि मूर्ती टिकाव्यात म्हणून लावायचा हा लेप. त्यांतली पहिली कृती पूर्ण वनस्पतींची आहे: कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, झाडांच्या साली, बिया, डिंक आणि राळ. पुढच्या एका कृतीत मात्र जनावरांची शिंगं आणि कातडी आहेत. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही कारागिरासमोर दोन्ही वाटा होत्या. एका वाटेत मेहनत जास्त, दुसऱ्या वाटेत जीव जास्त.

आता आपल्या पाठाकडे या. पाक्षिक प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो. मी लहानपणापासून ती गाडीच्या वेगाने म्हणत आले. दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, विषवाणिज्य. दात, लाख, विष यांचा व्यापार. माझ्या डोळ्यांसमोर हस्तिदंताचे व्यापारी यायचे, आणि आपला त्यांच्याशी काय संबंध, म्हणून मी पुढे जायची. मग एकदा चातुर्मासात एका महासतीजींनी हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातला या नावांचा खुलासा समजावून सांगितला आणि मी चपापले. बाराव्या शतकातल्या या आचार्यांनी दंतवाणिज्यात केस, नखं, हाडं, कातडी हे सगळं धरलं आहे. लाक्षावाणिज्यात लाखेबरोबर मनशीळ आणि नीळ आहे. विषवाणिज्यात शस्त्रांबरोबर हरताळ आहे. मनशीळ आणि हरताळ म्हणजे सोमलाचे लाल आणि पिवळे दगड, चित्रकारांचे आवडते रंग. मी मनात म्हटलं, ही तर रंगाऱ्याच्या सामानाची यादी झाली!

बाईंनी योगशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण १९८४ साली धाकट्या नणंदेच्या लग्नाआधी सुतार सागवानी दारांना पॉलिश करायला आला, तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यात घातलंय काय? सुतार म्हणाला, "स्पिरिटात चपडा लाख." बाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. लाख म्हणजे फांदीवर बसणाऱ्या इवल्याशा किड्यांनी स्वतःभोवती केलेलं घर. फांद्या तोडून, ती खरवडून, धुऊन, वितळवून चपडा होतो, आणि त्यात ते जीव हजारोंनी जातात. "माझ्या दाराला ती चकाकी नको," बाई म्हणाल्या. दारांना जवसाचं तेल पाजलं गेलं. मांडवात एका पाहुणीने विचारलंही, "दारं अशीच ठेवली का?" मला तेव्हाही लाजच वाटली.

पुढे मला कळलं की हीच लाख अजिंठ्यालाही लागली होती. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने लेण्यांपर्यंत पोचला आणि बाहेरच्या जगाला ती कळली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षं तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल यांची कबर आपल्या भुसावळला आहे. त्यांच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. नकला करताना चित्रं उजळ दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश चढलं. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे चिकटवताना चपडा लाख वापरली. हेतू जपण्याचाच होता. पण हे थर कालांतराने पिवळे-तपकिरी पडले, त्यांवर धूळ आणि काजळी बसली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षं ते हलक्या हाताने काढत बसावं लागलं. वरची चकाकीच भोवली.

मातीचीही एक गोष्ट आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यातल्या भुशाला आणि गवताला किडे लागले आणि चित्रांचं मोठं नुकसान झालं. वेरूळला मात्र मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि वेरूळच्या गिलाव्याला किड्यांचा उपद्रव कमी झाला तो यामुळेच, असं अभ्यासकांनी म्हटलं. वेरूळला आपली जैन लेणी आहेत, तीस ते चौतीस. बत्तिसाव्या इंद्रसभेच्या छतावर अजून रंग दिसतात. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा मूर्तीला वंदन करून झालं की एकदा मान वर करून बघा.

आता परत घरी येते, कारण खरी चूक आमच्या घरात झाली आहे आणि ती माझ्या हातून झाली आहे.

१९८८ साली बाई नव्हत्या. खिडक्या-दारांच्या चौकटी वाळवीने आणि पावसाने खराब व्हायला लागल्या होत्या. लाखेचं पॉलिश बाईंनी नाकारलेलं, ते मी आणणार नव्हते. रंगारी म्हणाला, "वहिनी, तेलाचा रंग लावा. जवसाच्या तेलातला सफेदा. यात जिवाचं काही नाही." मी खूश झाले. बाईंचं पथ्यही पाळलं आणि खिडक्या आरशासारख्या गुळगुळीत पांढऱ्या. जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून केलेली लांबी खाचांत भरली, वर प्रायमर, वर दोन हात. भिंतींचा चुनाही तेव्हाच गेला, डिस्टेंपर आलं. डिस्टेंपरच्या पुडीत सरस असतो का, हे मी विचारलं नाही. ब्रश कशाचा, हेही विचारलं नाही. चांगले ब्रश त्या काळी डुकराच्या राठ केसांचेच असत. उत्तर प्रदेशातलं शेरकोट गाव ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे. हे मी फार उशिरा वाचलं.

आणि सफेदा म्हणजे काय, हेही उशिराच कळलं. मुळात सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा क्षार. शेंदूर म्हणजेही शिसंच, तो लोखंडाच्या गजांना प्रायमर म्हणून लागायचा. पुढे पांढऱ्यासाठी जस्त आणि टायटॅनियम आलं, तरी रंग लवकर वाळावा आणि चमकदार दिसावा म्हणून तेलरंगात शिसं घालणं चालूच राहिलं. शिसं विषारी आहे हे जगाला माहीत नव्हतं असं नाही. १९२१ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये, असा करार केला. तो रंगाऱ्यांच्या जिवासाठी होता. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्याकडे नियम झाला २०१६ साली, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. आता घरगुती रंगात वजनाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, यापेक्षा जास्त चालत नाही आणि तसं डब्यावर छापावं लागतं. १९२१ ते २०१७, मी वजाबाकी केली. शहाण्णव वर्षं.

२०१८ च्या दिवाळीआधी आम्ही तोच तीस वर्षांचा जुना रंग खरवडायला काढला. नातू अकरा महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. रंगाऱ्याबरोबर एक मदतनीस मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. तो दिवसभर कोरड्या पॉलिश पेपरने चौकटी घासत बसायचा. घरभर पांढरी भुकटी. मी दोनदा झाडून काढायची, झाडलं की ती आणखी उडायची. त्या मुलाचे केस, पापण्या पांढऱ्या झालेल्या. दुपारी जिन्यात बसून तो त्याच हातांनी भाकरी खायचा. मी त्याला वरून भाजी वाढायची आणि मनात समाधान मानायची, की आपण कामाच्या माणसाला उपाशी ठेवत नाही.

चौथ्या दिवशी नातवाला लसीसाठी डॉक्टरांकडे नेलं. सून सहज म्हणाली की घरात रंगकाम चालू आहे, जुना रंग खरवडतायत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रांगणारं मूल जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालतं, मोठ्यांपेक्षा त्याच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं, आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याच दिवशी सून बाळाला घेऊन माहेरी गेली. रक्त तपासलं. तो अहवाल यायला लागलेले दिवस मी कसे काढले, ते लिहीत नाही. नवकार म्हणतानासुद्धा खिडक्या दिसायच्या.

अहवाल चांगला आला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मी आयंबिल केलं.

त्यानंतर एका पक्खीला प्रतिक्रमण करताना विषवाणिज्य हा शब्द आला आणि मी तिथेच थांबले. त्या मुलाचं रक्त कोणी तपासलं? कोणीच नाही. तो आमचं काम संपवून दुसऱ्या घरी गेला आणि तिथल्या चौकटी घासायला लागला असेल. मी रंगाऱ्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला की पोरगा आता सुरतेला गेला.

आपण म्हणतो, कर्मादान म्हणजे व्यापार, आपण कुठे व्यापार करतो? आपण तर फक्त विकत घेतो. पण मी कॉमर्सची विद्यार्थिनी. दुहेरी नोंदीचा पहिला धडा असा, की एकाच्या वहीतली खरेदी ही दुसऱ्याच्या वहीत विक्री असते. नुसती खरेदी अशी काही नोंद नसते. बाईंनी चपडा लाख परत पाठवली तेव्हा त्यांनी ही दुसरी वही पाहिली होती. मी सफेदा घेतला तेव्हा त्यात जनावर नाही एवढंच पाहिलं. माणूस आहे का, ते पाहिलं नाही.

याचा अर्थ चुना निर्दोष असाही नाही. चुन्यालाही भट्टी लागते, भट्टी म्हणजे अंगारकर्म. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आलं आणि सुताराचं सरसाचं भांडं हळूहळू बंद झालं, पण तेही कारखान्यातूनच येतं. २०२१ च्या जानेवारीत खादी ग्रामोद्योगाने शेणापासून केलेला रंग आणला, तेव्हा मला आमच्या धाब्याच्या घरांचं सारवण आठवून हसू आलं. पूर्ण निष्पाप भिंत गृहस्थाला मिळणार नाही. गृहस्थाने अल्पारंभ बघावा, म्हणजे त्यातल्या त्यात कमी हिंसा, आणि त्यासाठी विचारलं पाहिजे.

म्हणून आमच्या घरी आता काय करतो, ते सांगते. जुना तेलरंग घट्ट बसलेला असेल तर खरवडत नाही. पाण्याच्या पॉलिश पेपरने ओलं करून वरवर घासतो आणि त्यावरच अस्तर मारतो. जिथे पोपडे सुटलेत तेवढंच, तेही ओलं करून काढतो. खाली प्लास्टिक अंथरतो, झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. लहान मूल आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात ठेवत नाही. काम करणाऱ्याला चांगला मास्क आपण विकत आणून देतो, आणि जेवायच्या आधी साबण-पाणी आपण पुढे करतो. चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट द्यायचा असेल तर आधी सुटा चुना पूर्ण काढून प्रायमर मारावा लागतो, नाहीतर वर्षभरात पापडासारखा सुटतो, हेही आम्ही एकदा पैसे घालवून शिकलो. ब्रश नायलॉनचा किंवा रोलर. डबा घेताना शिशाची ओळ वाचूनच पैसे देतो.

उत्तराध्ययन सूत्रात जयघोष आणि विजयघोष यांच्या कथेत मातीच्या दोन गोळ्यांचा दृष्टांत आहे. एक ओला, एक सुका. दोन्ही भिंतीवर फेकले तर ओला चिकटतो, सुका खाली पडतो. आसक्ती असेल तिथे कर्म चिकटतं, असा त्याचा अर्थ आपण ऐकतो. माझी आसक्ती त्या गुळगुळीत, आरशासारख्या पांढऱ्या खिडक्यांची होती. मांडवातल्या पाहुणीचं ते वाक्य मी चार वर्षं धरून बसले होते.

नातू आता शाळेत जातो. गेल्या वर्षी घरात रंग काढला तेव्हा नव्या रंगाऱ्याबरोबर पुन्हा एक मुलगा होता. मी मास्क दिला तर तो लाजला, म्हणाला, "राहू द्या आजी, सवय आहे." मी म्हटलं, सवय आहे म्हणूनच घाल. तेवढ्यात नातू डबा हातात घेऊन उलटसुलट बघत होता. मला म्हणाला, "आजी, यात काय काय घातलंय?"

मी त्याला मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.